पाठवू का?

दांडिया बाजारात मला नावानं कोणी हाक मारत नाही.
‘पोस्टवाळा बेन’, नाहीतर नुसतं ‘एजंट’.
एकवीस वर्षं रिकरिंगचे हप्ते गोळा करते,
रावपुऱ्याच्या खिडकीवर नेऊन भरते.
म्हणून निषाद म्हणाला, मावशी,
तुझ्या कॉम्प्युटरवर एक एजंट बसवून देतो,
तेव्हा आधी रागच आला.
एका हातगाडीवर दोन सेव-उसळवाले?

बसवला.
त्यानं हप्त्यांची यादी करायला घेतली.
पोर्टल उघडलं. पोर्टल झोपलं.
त्यानं परत उघडलं.
माऊसचा बाण आपला आपण चालताना बघणं
म्हणजे आपल्या ओट्यावर परक्याला चहा करताना बघणं.
साखरेच्या डब्यावरून तीनदा पुढे जातो
आणि आपण जीभ चावून गप्प.
माझं दहा मिनिटांचं काम त्यानं पाऊण तासात केलं.
पण त्या पाऊण तासात माझी भेंडी चिरून झाली,
हेही लिहिलं पाहिजे.

मग एक चौकट आली: मी रोबो नाही.
तिथे थांबला.
म्हणाला, एवढं तुम्ही करा.
इतका सरळ माणूस मी पोस्टात पाहिला नाही.

मार्चमध्ये रझियाचा एक हप्ता मी दोनदा लिहिला होता.
त्यानं दाखवला.
एकवीस वर्षांत पहिल्यांदा कोणी माझी बेरीज तपासली
आणि कपाळाला आठी घातली नाही.
त्या दिवसापासून मी त्याला ‘अहो’ म्हणू लागले,
मनातल्या मनात.

परवा म्हणाला:
मुदत संपणाऱ्या त्रेसष्ट खात्यांचे निरोप तयार आहेत.
बावीस मराठीत, एक्केचाळीस गुजरातीत.
पाठवू का?

बोट बटणावर.
सहज वाचत खाली गेले.
नमस्कार मंगुबेन, आपल्या खात्याची मुदत बारा तारखेला…
पुढे रक्कम, पैशापर्यंत बरोबर.
त्यापुढे नंबर. तो मंगुबेनच्या नवऱ्याचा.

घरात फोन एकच, आणि तो त्याच्या खिशात.
पाच वर्षं, दर सोमवारी,
कोथिंबिरीखालच्या ओल्या गोणपाटातून
नोटा काढून तिनं माझ्या हातात दिल्या.
वाळायला घालाव्या लागत.

वहीत तिच्या नावापुढे लाल ठिपका आहे.
अशा सात जणी.
ठिपक्याचा अर्थ मी कुठेच लिहिलेला नाही.
वही स्कॅन करून दिली तेव्हा त्याला दिसला असेल,
शाईचा डाग म्हणून सोडला असेल.
त्याला काय बोलायचं?
निषादलाही मी सांगितलेलं नाही.

सात नावं काढली. हात थरथरत होता.
त्यानं विचारलं:
वगळण्याचं कारण नोंदवून ठेवू?
पुढच्या वेळी लक्षात राहील.

सभ्य प्रश्न. कामाचाही.
मी बराच वेळ बघत बसले.
सांगितलं तर पुन्हा हा धसका नको.
पण मग ते आणखी एका ठिकाणी लिहिलेलं राहील
आणि ते ठिकाण नेमकं कुठे आहे
हे निषादलाही नीट सांगता येत नाही.

‘नको,’ लिहिलं.
ठीक आहे, म्हणाला.
छप्पन्न पाठवले.

रात्री निषादचा फोन: मग, उपयोग होतो का काही?
होतो, म्हटलं. छप्पन्न जणांना झाला.
आणि भेंडी वेळेवर होते.

आज खंडेराव मार्केटला गेले,
गुडघ्याला पट्टा बांधून.
मंगुबेन जुड्यांवर पाणी शिंपडत होती.
भाव विचारला, मेथी उलटसुलट करून पाहिली,
आणि वाकल्या वाकल्या म्हटलं, बार तारीखे.

तिनं मान वर केली नाही.
एक जुडी माझ्या पिशवीत टाकली,
मग काही आठवल्यासारखी
आणखी एक.